मरोळचं भात

२४ मे, सकाळ

येते. मला शेती येते. कोणी विचारलं नाही म्हणून काय झालं, विचारायच्या आधीच सांगून ठेवतो. रक्तात आहे. कणकवलीच्या पुढे आमचं गाव, सात पिढ्या चिखलात गेल्या. आठवी पिढी मी. मी अकराव्या वर्षी मुंबईला आलो ही गोष्ट वेगळी. रक्त काय गावाला ठेवून आलो?

विषय निघाला तो नातीमुळे. श्रुतिका रोज सकाळी माझ्या डोळ्यात थेंब घालते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून. आज थेंब घालता घालता बोलली, आजोबा, मी दापोलीला ॲग्रीला जाणार, बीएस्सी ॲग्री, चार वर्षं. थेंब डोळ्यात असल्यामुळे मला डोळे वटारता आले नाहीत. मुद्दाम ती वेळ साधली.

चार वर्षं! भात लावायला शिकायला चार वर्षं लागली असती तर माझा बाप उपाशी मेला असता. आणि आम्ही चिखलातून निघून गिरणीत आलो, गिरणी बंद पडली तर मरोळच्या कंपनीत लागलो, ते कशासाठी? हिने परत चिखलात जायला?

मुलगा नितेश बोलला, बाबा, मार्क चांगले आहेत तिला. मी बोललो, आहेत म्हणून तर सांगतोय, बी.कॉम. कर. अंधेरीत कॉलेज आहे, रिक्षाने जा, दुपारी जेवायला घरी ये. बायको विमला काहीच बोलली नाही. ती गप्प असते तेव्हा माझ्या विरुद्ध असते.

२५ मे

शर्त लागली. सगळ्यांच्या समोर. आता माघार नाही.

आमच्यात दसऱ्याला नवं बांधतात. नव्या भाताच्या लोंब्या, आंब्याच्या पानात, दाराच्या चौकटीला. इतकी वर्षं दादरला जाऊन विकत आणतो. लाज वाटायला पाहिजे. मी बोललो, यंदा माझ्या हातच्या लोंब्या दाराला लागतील. पुस्तक न उघडता. लागल्या की श्रुतिकाने मुकाट बी.कॉम. करायचं.

श्रुतिका बोलली, आणि नाही लागल्या तर?

मी बोललो, तर जा दापोलीला, आणि मी शेतीवर जन्मात तोंड उघडणार नाही.

विमला पहिल्यांदा बोलली. जन्मात?

जन्मात.

तिने देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. कशासाठी ते कळलं नाही.

जागा ठरली. बिल्डिंगच्या मागे पंपाच्या खोलीला लागून ओली पट्टी आहे, तिथे कोणी जात नाही. पुढे कंपाउंडची भिंत. भिंतीपलीकडे आरेचं रान आणि एक ओढा. तिथे तर बिबट्या फिरतो म्हणून दिवसाही कोणी जात नाही. झकास जागा.

२६ मे

गावी बहिणीला फोन केला. शकु माझ्यापेक्षा लहान, पण गावी राहते म्हणून स्वतःला मोठी समजते. बियाणं पाठव बोललो. ती इतकी हसली की फोन तिच्या सुनेने घेतला. मग परत आली आणि बोलली, अरे धोंड्या, लावणीक तू आंब्यार चढान बसायचंस, बापूस काठी घेवन खाली उभो. तू कधी चिखलात इलंस रे?

लाइन खराब होती. नीट ऐकू आलं नाही.

२९ मे, सकाळ

आज भाजावळ. शिकलेल्या लोकांना हा शब्दसुद्धा माहीत नसेल. जिथे रोपं काढायची ती जमीन आधी भाजायची. खाली शेण, वर पातेरा म्हणजे वाळका पाला, त्यावर माती, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने पेटवायचं. हळूहळू धुमसत जातं. गवताचं बी जळून जातं, मग रोप कसं टणाटण येतं. आरेच्या तबेल्यातून शेण आणलं. पार्किंगमधला पातेरा झाडला. सोसायटीचे सेक्रेटरी चंद्रप्रकाश बघत होते. बोलले, वा काका, स्वच्छता मोहीम का? मी नुसता हसलो. अडाण्याला काय सांगायचं.

२९ मे, दुपार

फायर ब्रिगेड बोलवायची काहीही गरज नव्हती.

धूर झाला. होणारच. भाजावळीला धूर नाही होणार तर काय अगरबत्तीला होणार? चौथ्या मजल्यावर गेला म्हणे. जाऊ दे, हवा आहे ती. पण चंद्रप्रकाश बनियनवर धावत आले, सिलेंडर फुटला, सिलेंडर फुटला करत. बंब आला. पाच मिनिटांत माझी भाजावळ अर्धी भाजलेली, अर्धी कालवलेली. त्या जवानाने विचारलं, आजोबा, काय जाळत होता? मी बोललो, जमीन. त्याने श्रुतिकाकडे बघितलं. तिने मान खाली घातली. हसत होती, मला माहीत आहे.

३० मे

भिंतीवरून सगळ्या बिल्डिंगची इंटरनेटची वायर गेली होती, हे मला कोणी सांगितलं होतं का? जमीन भाजायची जागा आणि वायर टाकायची जागा एकच ठेवणाऱ्याची चूक. सकाळपासून दारावर माणसं. एकाचं ऑफिस बंद पडलं म्हणे. मी बोललो, आमच्या गावी घरात बसून ऑफिस करत नाहीत. त्यावर तो बोलला, तुमच्या गावी बिल्डिंगच्या खाली शेतं जाळतात का काका? उद्धट.

८ जून

पेरणी झाली. शकुने एसटीतून पिशवी पाठवली होती. चांगलं बियाणं आहे. लवकर तयार होणारं हळवं भात मागितलं होतं, तेच पाठवलंय. तेवढी अक्कल आहे तिला.

९ जून

कबुतरं. मरोळमधली सगळी. कोणी बोलावलं?

१० जून

उरलेलं बियाणं पेरलं. वर विमलाची साडी पसरली. विमला बोलली, ती गौरीची साडी आहे. मी बोललो, शेतकऱ्याची बायको अशा वेळी हसत हसत साडी देते. ती बोलली, शेतकरी कुठाय? रागावर ताबा ठेवायचा असं ठरवलंय. आजपासून.

११ जून

ताबा उद्यापासून. चंद्रप्रकाश साडी काढून गेले. खाली कपडे वाळत घालायचे नाहीत असा सोसायटीचा नियम आहे म्हणे! मी त्यांना काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. साडी परत पसरली. वर दगड ठेवले.

२५ जून

उगवलं!! वीतभर हिरवं. चंद्रप्रकाशांना मुद्दाम बोलावून दाखवलं. बोलले, छान, लॉन लावलंत. लॉन! हा माणूस बँकेत ऑफिसर होता. देश कसा चालतो कळत नाही.

६ जुलै

लावणीच्या आधी चिखल करावा लागतो. बैल पाहिजेत. बैल मुंबईत नाहीत. मग तबेल्यातली म्हैस आणली, तिच्या मालकासकट. तत्त्व तेच आहे, चार पाय.

म्हैस चिखलात उतरली आणि बसली. उठेना. मालक बोलला, चाचा, इसको तो यही चाहिए था. मी शेपटी पिरगळली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच बाजूला झालो. संध्याकाळी ती आपणहून उठली, पार्किंगमध्ये गेली आणि चंद्रप्रकाशांच्या स्कूटरला अंग घासलं. स्कूटर आडवी. म्हशीला अक्कल आहे.

चिखल मात्र झाला. तिने लोळून केला. म्हणजे माझं नियोजन बरोबर होतं.

९ जुलै

लावणी केली. सकाळी चिखलात पहिलं पाऊल मी टाकलं. दुसरं टाकताना कंबरेत उसण भरली. मग खुर्चीवर छत्री घेऊन बसलो आणि श्रुतिकाला सूचना दिल्या. शेतीत सूचना देणं सगळ्यात अवघड, कारण ऐकणाऱ्याला काही येत नसतं. ती वाकून भराभरा लावत होती. हात चांगला आहे, लिहायला हरकत नाही, ती वाचत नाही.

मध्येच विचारते, आजोबा, जिथे उगवलं तिथेच का नाही ठेवायचं? कशाला उपटायचं? घ्या! ही दापोलीला जाणार. मी सांगितलं, अगं, उपटून दुसरीकडे लावल्याशिवाय भाताला फुटवा येत नाही. एका जागी ठेवलं तर नुसतं पातं वाढतं. हे पुस्तकात नाही मिळणार.

ती बोलली, बरोबर आहे आजोबा, आणि माझ्याकडे बघत राहिली. पटलं असणार.

२० जुलै

महापालिकेचे डासवाले आले. पाणी साठवलंय म्हणून तक्रार गेली. कोणी केली ते माहीत आहे, त्याची स्कूटर अजून तिरकी चालते. मी बोललो, भात पाण्यात उभं असतं, त्याला काय स्टुलावर उभं करू? माणूस शांत होता. बोलला, काका, पाणी काढा नाहीतर मासे सोडा. शेवटी श्रुतिकाने डासांच्या अळ्या खाणारे मासे आणून सोडले. बारीक बारीक आहेत. आता भातशेती आणि मत्स्यशेती दोन्ही झालं. कॉलेजात वेगवेगळे विषय असतील.

१० ऑगस्ट

बेणणी. म्हणजे भातातलं गवत उपटणं. हे काम नजरेचं आहे, इथे दुसऱ्याचा हात नको. श्रुतिका बोलली मी येते, मी बोललो, नाही. शकुचा नेमका फोन आला. चष्मो लाव आणि पानाच्या कुशीत बघ, बोलली. फोन ठेवला. मला चष्मा लागत नाही. वाचायला लागतो, तो पण अक्षरं बारीक छापतात म्हणून.

गवत भयंकर माजलंय. कारण उघड आहे. भाजावळ अर्धवट राहिली, गवताचं बी जळलं नाही. बंबवाल्यांची कृपा.

दिवसभर बसून एकट्याने सगळी पट्टी साफ केली. भात कुठलं ते सांगायला लागत नाही. जाड दांडा, काळपट हिरवा रंग, दोन दिवसांत वाढणारं, ते भात. आणि त्याच्यात ते पिवळट, बारीक, मरतुकडं उभं होतं ते गवत. मुळासकट उपटलं. जुड्याच्या जुड्या भिंतीवरून पलीकडे ओढ्यात फेकल्या. हात सोलले. पण आता काय दिसतंय म्हणता! नुसतं माझं भात.

२४ ऑगस्ट

गणपतीला सगळे गावी निघाले. मी जाणार नाही. विमला विश्वास ठेवीना. लग्न झाल्यापासून गणपती चुकवला नाही मी, गिरणीचा संप होता तेव्हासुद्धा उधारीवर गेलो होतो. पण पीक सोडून शेतकरी जात नाही. भाताला राखण लागते. कबुतरं टपलीयत. चंद्रप्रकाश टपलेत.

श्रुतिका डोळ्याचे थेंब कसे घालायचे ते आरशासमोर शिकवून गेली. त्यात काय शिकायचंय? दोन थेंब.

२७ ऑगस्ट

गणपती बसले असतील. मी पुरीभाजी मागवली. थेंब भुवईवर पडतात.

३० ऑगस्ट

लोंब्या आल्या!!! आल्या!! सगळ्यांच्या आधी! शकुच्या शेतात भात अजून पोटरीलासुद्धा नसेल, लोंबी दांड्याच्या पोटातच. तांबूस, ताठ, काट्यांसारखी कुसं. असलं भात मी जन्मात बघितलं नाही. मुंबईच्या मातीत ताकद आहे.

खालच्या नोटीस बोर्डावर लिहिलं: मागील बाजूस भात तयार होत आहे. दसऱ्याला प्रत्येक घरी एक लोंबी मोफत मिळेल. चंद्रप्रकाशांनी चष्मा लावून वाचलं. नितेशला फोन करून सांगितलं, बी.कॉम.चं बघून ठेव.

१ सप्टेंबर

श्रुतिकाने गावाहून व्हिडिओ कॉल लावला. मी मोबाईल घेऊन भातात उभा राहिलो. तिकडे पडवीत सगळं घर जमलं होतं. शकुला बोललो, बघ, नीट बघ, आंब्यावर चढणाऱ्याचं भात. तिने मोबाईल नाकाजवळ नेला. फक्त तिचं नाक दिसत होतं. मग नाक बोललं,

अरे मेल्या, ह्यां गवात आसा. भात खंय?

मग मागे जे हसले ते आमचंच कुटुंब. माझा स्वतःचा मुलगा. गणपतीसमोर.

नेटवर्क खराब. मोबाईलमध्ये रंग नीट दिसत नाहीत. शकु म्हातारी झालीय.

४ सप्टेंबर

सगळे परत आले. श्रुतिका बॅग ठेवून सरळ मागे गेली. एक दांडा तोडला आणि माझ्या हातावर ठेवला. सोबत गावाहून शकुच्या शेतातला एक आणला होता, तो ठेवला. बोलली, पान दांड्याला मिळतं ना आजोबा, तिथे बोट लावून बघा. भाताला बारीक पांढरी जिभली असते. शकुआजीने दाखवलं. ह्याला नाहीये.

बोट लावलं. एकाला होती. माझ्याला नव्हती.

मी बोललो, बियाण्यातच घोटाळा असेल. ती हळूच बोलली, आजोबा, बेणणीत तुम्ही भात उपटलंत आणि गवत ठेवलंत.

ती हसली नाही. त्याचा जास्त राग आला.

५ सप्टेंबर

कारणं, म्हणजे नोंद असावी: अर्धी भाजावळ (बंब). कबुतरं. पंपाच्या खोलीची सावली. चंद्रप्रकाशांची नजर. शकुने फोनवर घाई केली. थेंबांमुळे दुपारी अंधुक दिसतं, हे डॉक्टरने सांगायला पाहिजे होतं.

७ सप्टेंबर

पीक कापलं. तीच म्हैस आली. उभ्या उभ्या सगळं खाल्लं. मालक बोलला, चाचा, अगले साल भी यही लगाना, बहुत बढ़िया चारा है. नोटीस बोर्डावरचं पुसायला गेलो तर खाली कोणीतरी लिहिलं होतं: आमची लोंबी म्हशीला द्यावी. अक्षर बँकेतलं आहे.

२२ सप्टेंबर

श्रुतिकाचं नाव लागलं दापोलीला. दसऱ्याच्या दिवशीच निघायचंय. घरात पेढे. मी खाल्ला नाही. नंतर खाल्ला, पण कोणासमोर नाही.

शेतीबद्दल बोलायचं नाही, त्यामुळे घरात बोलायला काही उरलेलं नाही. टीव्हीवर एक माणूस टोमॅटोला काहीतरी फवारत होता. साफ चुकीचं फवारत होता. उठून आत गेलो.

दसरा, सकाळ

दार उघडलं तर चौकटीला नवं. आंब्याचं पान, आत लोंब्या. पिवळ्या, दाणा भरलेला, भाराने वाकलेल्या. मी विमलाला विचारलं, दादरला कोण गेलं होतं? बोलली, कोणीच नाही.

श्रुतिका मोरीत पाय धूत होती. गुडघ्यापर्यंत चिखल. भिंतीवरून पलीकडे उतरली होती, ओढ्यात! आधी त्याच्यावरून ओरडलो. बिबट्या आहे तिथे, अक्कल आहे का, दापोलीला हेच शिकवणार का. ती ऐकत उभी राहिली. मग बोलली, आजोबा, तुम्ही फेकलेल्या जुड्या ओढ्याच्या चिखलात पडल्या होत्या. लागल्या. काल गच्चीवरून दिसलं पिवळं. पलीकडे बरंच आहे.

गच्चीवर गेलो. चष्मा लावून बघितलं.

आहे.

खाली आलो तर नितेश बोलला, बाबा, म्हणजे शर्त तुम्ही जिंकलात की! श्रुतिकाची बॅग दारात, वर नवं टांगलेलं. ती माझ्याकडे बघत होती. विमला पण.

मूर्ख पोरगी. स्वतः उतरली, स्वतः तोडलं, स्वतःच्या हाताने बांधलं. गप्प बसून गाडी पकडली असती तर कोणाला कळणार होतं? हिशोब म्हणून नाही डोक्यात. असली मुलगी बी.कॉम. करून काय करणार होती!

मी बोललो, हे भात मी लावलेलं नाही. फेकलेलं आहे. फेकलेलं शर्तीत बसत नाही. गाडी चुकेल, निघा.

ती पाया पडली. तिचे पाय अजून ओले होते, लादीवर डाग पडले. जाताना माझ्या डोळ्यात थेंब घालून गेली. मग डोळ्यांतून पाणी येत होतं. थेंबांनी येतं.

५ ऑक्टोबर

थेंब आता विमला घालते. एक डोळ्यात, एक कानात.

सकाळी चंद्रप्रकाश आले. हात जोडून. ओढ्यातलं भात त्यांनी बघितलं, सगळ्या बिल्डिंगने बघितलं. काका, गच्चीत मिरच्या लावायच्या म्हणतो, माती कुठली घेऊ? मागून दुसऱ्या मजल्यावरची बाई. काका, माझ्या कढीपत्त्याची पानं गळतात. इतकी वर्षं एका माणसाने विचारलं नाही. आत्ता रांग. मला सगळं माहीत आहे. कढीपत्त्याला ताक घालतात. विमलाकडे बघितलं, तिने देव्हाऱ्याकडे बघितलं. मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी श्रुतिकाचा फोन. आजोबा, इथे भाजावळीचा विषय निघाला, मी सांगितलं माझ्या आजोबांनी केलीय, मरोळमध्ये. सगळ्यांना ऐकायचंय. स्पीकरवर टाकू? वाऱ्याच्या कुठल्या बाजूने पेटवायचं होतं सांगा ना.

फोन विमलाकडे दिला.

शर्त म्हणजे शर्त. कोणी विचारलं तरी नाही, कोणी नाही विचारलं तरी नाही. ह्या वहीतसुद्धा नाही. शेतीवर मी बोलत नाही. संपलं.